देवाला सोडलेला एकटा वेल

बा, तू गेल्याला दहा वर्षं होत आली, पण आपलं भांडण अजून मिटलेलं नाही. दुसरबीडपलीकडच्या त्या तीन टेकड्या आठव. खरपुडीच्या रानवेलाचे कंद खणून तू देऊळगावच्या जत्रेत औषध म्हणून विकायचास. बाकी सगळे कंद खणायचे, पण दर टेकडीवर एक वेल देवाचा म्हणून सोडायचा, भोवती दगड मांडून हात जोडायचे, ही तुझी रीत. याच्यापासून टेकडी पुन्हा भरेल म्हणायचास. भरली का? भादव्यात त्याला फुलं यायची, लांब गळ्याची, कंदिलासारखी. मी एक फाडून पाहिलं तर आत बारीक माश्या कोंडलेल्या. फूल मान टाकतं तेव्हा त्या सुटतात, फुलातला पराग तोंडाला चिकटवून. पण नेणार कुठं? जवळ दुसरा वेलच नाही. देवाच्या वेलाला मी कधी शेंग पाहिली नाही. नाल्याकाठी मात्र तुझ्या नजरेतून निसटलेले दोन वेल शेजारी होते, त्यांना शिंगांसारख्या जोडशेंगा.

"बा, याले जोडीदार लागते. एकटा ठेवून काय उपेग?"

"चौथी अर्धी सोडली अन् मले शिकवून राह्यला काय बे?" म्हणालास, आणि ते दोन्ही वेल माझ्यासमोर खणलेस. शेंगा हिरव्याच होत्या.

तू गेलास, मीही गाव सोडलं. मलकापुरात कापसाच्या गाठी वाहिल्या, तिथला चहा लई गोड, एका ड्रायव्हरसोबत तर मी नागपूरपर्यंत उगाच जाऊन आलो. असो. पण सरकीला चिकटलेला कापूस दिसला की खरपुडीचं बी आठवायचं, त्यालाही असेच मऊ केस असतात, वाऱ्यावर जायला.

दोन वर्षांमागं परतलो. तिन्ही टेकड्यांवर तुझे तीन वेल, तसेच एकटे. पानं पिवळी पडल्यावर कंद खणून आणले अन् नाल्याकाठी लावले.

माय ओरडली, "बापानं देवाले सोडलेलं उपटतं? हात झडतीन तुहे!"

"झडू दे, माय. देवाच्या नावानं त्याले वांझ काऊन ठेवायचं?"

पहिल्या साली फूल नाही. माय रोज टोमणा मारायची. यंदा फुलं आली, माश्या आल्या, आणि बा, शेंगा धरल्या. दिवाळीनंतर उकलल्या, बिया माझ्या डोक्यावरून उडाल्या. मी माफी मागायला लिहीत नाही. तुझी भक्ती खरी होती, रीत चुकीची होती. हा कागद कुठं टाकायचा नाही. हातात धरलेल्या नऊ बिया यातच बांधून पलीकडच्या टेकडीवर नेतो. तिथं जवळजवळ लावीन.

फक्त एक गोष्ट सांगायची राहिली. वेल दोनच जगले. मोठ्या टेकडीवरचा कंद माझ्याच कुदळीनं चिरला गेला होता, तो कुजला. मायला मी उंदरानं खाल्ला म्हणून सांगितलं.