इस्लापूरचं पान

सर, नांदेडच्या आपल्या कॉलेजातली जुनी प्रयोगशाळा पाडायची आहे. तुम्ही वारल्यावर केलेल्या तुमच्या कपाटाच्या यादीवर माझी सही निघाली, म्हणून ते रिकामं करायला मला बोलावलं. निवृत्तीनंतर मी तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. काल गेले.

कपाटातला 'घुबड' लिहिलेला डबा उघडला. वर डांबरगोळ्या, आणि त्यांच्याखालून तोच केसाळ, आंबट वास. शिपाई नाकाला रुमाल लावून म्हणाला, "म्याडम, हे घुबडाचं गू हाय का?" मी म्हटलं, "ओकारी आहे. उंदीर अख्खा गिळतं. हाडं, केस पचत नाहीत, ते गोळा करून ओकतं." "मंग तर लईच घाण झालं," तो म्हणाला. मला त्याचं म्हणणं खोडावंसं वाटलं नाही.

मी उदगीरच्या शिवभक्त घरातली. आमच्या उंबऱ्याच्या आत अंडंही येत नसे. तुमच्या हाताखाली आले त्या पहिल्याच दिवशी तुम्ही माझ्यापुढे बशीत घुबडाचा काळा गोळा ठेवता. कोमट पाण्यात भिजवा, केस सोडवा, जबडे काढा. दात सलग असले तर चिचुंद्री, पुढच्या दातांमागे मोकळी जागा असली तर उंदीर. मी चिमटा टाकून बेसिनकडे पळते. परत येते तर तुम्ही म्हणता, "वकून झालं? बसा मग. घुबडबी वकतंय, पण खोटं न्हाई वकत. रानात काय फिरतंय ते समदं सांगतंय." केस गाळायला मी घरची चहाची गाळणी नेली होती. हे आईला कळलं तेव्हापासून सुट्टीत घरी गेले की माझं ताट ती स्वयंपाकघराबाहेर सरकवायची. वर्षअखेरीला तुम्ही मला तुमचा चिमटा दिलात. "हात बसला तुमचा," एवढंच बोललात.

इस्लापूरच्या पडक्या गोदामातल्या गोळ्यांची पिशवी तुम्ही स्वतः शिडीवर चढून भरली होती. पावसात भिजलेली. तुम्ही गावी गेलात, मी ती उघडली, तर आत अळ्या वळवळत होत्या. मी पिशवी उकिरड्यावर फेकली आणि किल्लारीच्या गोळ्यांचे आकडे थोडे इकडेतिकडे करून नोंदवहीत इस्लापूरच्या पानावर उतरवले. पुढे त्या गावातले लोक, कोंबड्या खातं म्हणून, घुबड हाकलायला निघाले, तेव्हा तेच पान उघडून तुम्ही म्हणालात, "बघा, कोंबडीचं एक हाड न्हाई. समदे उंदीर." लोकांनी ऐकलं. मी मागे उभी होते आणि मला माझ्याच हातांचा वास सहन होत नव्हता.

आता लातूरची एक संशोधक मुलगी इस्लापूरच्या रानात आज कोणते प्राणी उरलेत ते मोजते आहे. काल म्हणाली, "मॅडम, मला तेच पान सगळ्यात महत्त्वाचं आहे. सरांच्या आकड्यांशी ताडून बघायचंय." तुम्ही विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. सर, तुम्ही दोनदा विचारलं होतंत, इस्लापूरचे जबडे कुठं ठेवले म्हणून. मी दोन्ही वेळा म्हटलं, मुंग्या लागल्या, टाकले.

मुलीला दिलं ते असं: किल्लारी आणि नांदेडच्या गोळ्यांचे डबे, जबड्यांच्या काचनळ्या, नोंदवही एक. वहीत इस्लापूरच्या पानावर आडवी रेघ, खाली "हे आकडे खोटे आहेत, मी लिहिले" आणि माझी सही. चिमटा तिने मागितला, दिला नाही. तुम्हाला लिहिलेला हा कागदही वहीत घालणार होते. तोही दिला नाही.