भिंतीपलीकडची बोली

पितळी खलबत्त्याचे दोन ठोके, मध्ये एका श्वासाचे अंतर. अल्लाचे नाव घेऊन लिहायला बसलो तर कानांत प्रथम तेच आले, माझ्या पंचविशीतले. असो. मी, खलफान बिन नासिर, राहणार हारत अस-सिद्र, धंदा गावच्या पाटाच्या पाण्याची दलाली, बुद्धी शाबूत असताना व कोणाच्या दडपणाविना लिहून ठेवतो की :

घर व बाग शरियतीप्रमाणे वारसांना. माझ्या मर्जीने द्यायला माझा हात एक-तृतीयांशापुरताच पोहोचतो. त्यातून मशिदीच्या हौदाची डागडुजी करावी.

सऊद बिन हिलालला माझी काठी. जन्मभर तो मला 'लोकांचं पाणी विकून मिशा ओल्या करणारा' म्हणाला. हे वाचून दाखवताच म्हणतो, "खलफान्या, काठी आखूड आहे. तुझी जीभ दिली असतीस तर दोघांना टेकायला पुरली असती."

लहानपणी मदरशात मुअल्लिमांनी पाठ करून घेतलेल्या कविता वाटता येत नाहीत. कबरीपाशी एखादी म्हणावी, पण सावकाश. वाफ्यात पाणी शिरते तशी.

आता दलालाच्या जागेविषयी. शुक्रवारी नमाजानंतर मशिदीच्या वाट्याच्या पाणी-पाळ्यांचा लिलाव मी चिंचेखाली पुकारतो. बायका तिथे येत नसत. विधवा मोझा बिन्त सालिम भिंतीपलीकडे कॉफी कुटत बसे. दोन ठोके म्हणजे बोली वाढवली. समोर नाही त्याचेही ऐकायचे, दलाल त्यासाठीच असतो. मोझाला पुरले, त्यानंतरच्या शुक्रवारी शेवटच्या पाळीला भिंतीपलीकडून दोन ठोके आले. सगळ्यांनी ऐकले. सऊदने हसता हसता वळून भिंतीकडे पाहिले. चढी बोली कुणी केली नाही. तिसरी हाक झाली की सौदा मोडत नाही. पाणी तिच्या बागेत सोडले. अजून सोडतो. किंमत तिच्याच खजुरातून वळती होते. वारस कुणी नाही, तरी वाफ्यांची तोंडे पहाटे आधीच उघडलेली असतात.

ते ठोके ऐकणारे सऊद आणि मी दोघेच उरलो. आता माझ्या कानांना जवळचेच ऐकू येते. ठोके आले की तो कोपराने ढोसतो, तेव्हा कळते. त्याचेही जायला लागलेत.

मुलगा सुलतान म्हणतो, "बाबा, मस्कतची कंपनी मोबाइलवर लिलाव करून देते. उन्हात घसा कशाला फोडायचा?"

"आणि मोझा?"

"मला कधी काही ऐकू आलं नाही, बाबा."

म्हणून ठरवतो : ज्याला ते ठोके यापुढे प्रथम ऐकू येतील, माझी जागा त्याची. माझ्या मरणापर्यंत कुणालाच आले नाहीत, तर जागा कंपनीला द्यावी आणि मोझाची बाग वाळली असे समजावे.

साक्षीदार : सऊद बिन हिलाल, राशिद बिन अली (मशिदीचा मुअज्जिन).
स्थळ : हारत अस-सिद्र. गुरुवार, ९ शाबान.

सहीआधी एवढे जोडतो. कॉफी ओतता ओतता सुलतान थांबला. "बाबा, दार वाजलं. दोनदा." मी सऊदकडे पाहिले; त्याने मान हलवली, त्यालाही नाही. सुलतान जाऊन आला. त्याचा आवाज उतरला होता.

"एक म्हातारी आहे. पाय ओले, काखेत खलबत्ता. विचारते, उद्या पुकारणार कोण?"