वीतभर वरचा हूक

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

शेतातली वस्ती, ता. उमरगा
सोमवार, १९ जानेवारी २०२६

शरणबसप्पा भावजींस लक्ष्मम्मा वैनीचा शरणु शरणार्थी.

आमी सगळे इथं बरे हाव. तुमीबी बरेच असाल. माझी शाळा तिसरीपतोर झालेली, तुमाला ठाऊकच हाय, तवा अक्षराला हसू नका. पत्ता लोहाऱ्याच्या सोयऱ्यांनी दिला. येरमाळ्याला हायवेवर तुमचं वेल्डिंगचं दुकान हाय, दारात टायर टांगलेला असतो, एवढं सगळं सांगितलं त्यांनी. फोनचा नंबरबी दिला. म्या तीनदा लावला. तुमी "हॅलो, कोण?" म्हणता आन मी ठेवून देते. तुमचा आवाज म्हातारपणी थेट तुमच्या भावासारखा झालाय. मग काय बोलणार. म्हणून कागद घेतला.

आता आनंदाची गोष्ट सांगते. आपला तांबडा ट्रॅक्टर चालू झाला.

व्हय, तोच. तुमचे भाऊ ज्याच्याखाली गेले तो. एकेचाळीस वर्षं गोठ्यामागं तसाच उभा होता. भंगारवाला दोनदा येऊन गेला, म्या दोन्ही वेळेला चहा पाजून वाटंला लावला. कशाला ठेवलाय म्हणून विचारलं तर मला सांगता यायचं न्हाय. चाकातनं बाभळ उगवली होती, बॉनेटात मोहळ बसलं होतं. विरेश तिकडं बघायचासुद्धा न्हाय. मी मातर रोज शेण टाकायला जाताना त्याच्या बाजूनंच जायची.

काढला तो आमच्या राजीनं. राजेश्वरी, विरेशची थोरली. तुमी गेलात तवा विरेशच चार वर्षांचा होता, तुमाला ही कुठून ठाऊक असणार. तेवीस वर्षांची हाय. उमरग्याला आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक शिकली, सगळ्या वर्गात एकटी पोरगी. हातावर काळं असतं ते आंघोळ करूनबी जात न्हाय. मागच्या महिन्यात पाव्हणे बघायला आले तर ही ट्रॅक्टरखालनं सरपटत बाहेर आली. पोराच्या आईनं विचारलं, सयपाक येतो का. तर म्हणते, इंजिन उतरवता येतं, सयपाक शिकीन. पाव्हणे पोहे खाऊन गेले ते गेलेच. सूनबाई दोन दिवस रडली आन मी पदराआड तोंड धरून हसले. कुणाला सांगू नका.

इंजिन गच्च धरलं होतं. पंधरा दिवस तिनं त्यात डिझेल ओतून ठेवलं, रोज सकाळी जाऊन हलवून बघायची. एक दिवस सुटलं. मग उमरग्याचा बब्रुवान मिस्त्री मदतीला आला, त्याच्या दुकानात ती काम शिकली. आता त्याला ट्रकचा टर्बो बसवलाय, धुराडं उभं केलंय, मागच्या टायरात पाणी भरलंय, पुढं लोखंडाचे ठोकळे टांगलेत. नांगरायला न्हाय हो. महाशिवरात्रीच्या जत्रेत ट्रॅक्टरच्या शर्यती असतात, तिथं नेणार. वाळूनं भरलेल्या दोन ट्रॉल्या एकामागं एक लावतात आन नांगरलेल्या रानातनं ओढायला सांगतात. जो सगळ्यात लांब ओढील त्याला चांदीची गदा. बब्रुवाननं मागचा हूक वीतभर वर घेऊन वेल्डिंग मारलंय. वरनं ओढलं की मागची चाकं रुतून बसतात, घसरत न्हाईत, म्हणतो. मला काय कळतं त्यातलं.

चालू झाला त्या दिवशी मी चुलीपुढं तुरीच्या शेंगा सोलत होते. पहिल्यांदा नुसता खोकला, मग धडधड सुरू झाली. भावजी, तो आवाज बदललेला न्हाय. मी उठले, तांब्या भरला आन दारात जाऊन उभी राहिले. ते रानातनं आले की हातपाय धुवायला द्यायची तसा. तांब्या हातात धरून किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. सूनबाईनं विचारलं, कुणाला पाणी? म्या तुळशीला घातलं.

माझं असंच चाललेलं असतं. कडी लावली, गाईचं दावं बांधलं, राजीची वेणी घातली, की तोंडातनं आपसूक निघतं, "लावली." कुणी विचारलेलं नसतं. घरात सगळे हसतात, राजी तर माझी नक्कल करते.

बरं, मुद्दा असा की तुमी या. झालं गेलं. त्या दिवशी तुमच्या हातनं साखळी चुकीची बांधली गेली, वय वीस, चूक माणसाकडनंच होते. मी मनात ठेवलेलं न्हाय. विरेशला अजून राग हाय, बापाशिवाय वाढला तो, पण त्याला मी समजावीन. राजीचा नंबर खाली लिहिते. जत्रेला या, नातीचं कवतिक बघा.

तुमची वैनी,
लक्ष्मम्मा


वस्ती, ता. उमरगा
बुधवार, २५ फेब्रुवारी २०२६

शरणबसप्पा भावजींस शरणु.

घाईत लिहिते. दारात माणूस थांबलाय.

माझं पत्र पोचलं ते तुमी राजीला फोन केलात त्यावरनं कळलं. तुमी विचारलंत, हूक वर कुणी घेतला? मग म्हणालात, खाली घ्या. आन ठेवून दिलात. तुमच्या भावाची रीतच ती, लागंल तेवढंच बोलायचं.

राजीनं जेवताना आमाला सांगितलं. हसतच सांगितलं. म्हणाली, "ज्यानं साखळी वर बांधून आजाला मारलं, तो मला हूक शिकवतोय." विरेश ताटावरनं उठून गेला. मी भाकरी मोडत बसले. त्याच वक्ताला बोलायला पायजे होतं. म्या म्हणलं, पोरी, घेऊन टाक की खाली. ती म्हणाली, आजी, खालनं ओढला तर चाकं घसरतात, पहिल्या दहात पण येत न्हाय. म्या तिच्या ताटात भाकरी वाढली. तुमचं म्हणणं खरं हाय हे या घरात मला एकटीला ठाऊक होतं, आन तुमचं कुणी ऐकू नये अशी तजवीजबी म्याच केलेली.

जत्रेच्या आधी आठ दिवस, सकाळी, वड्याकडच्या रानात त्यांनी ट्रॉल्या लावून बघितलं. भावजी, त्याच रानात. सपाट हाय म्हणून. मी गोवऱ्या थापत होते, तशीच उठून गेले. गावातली वीस-पंचवीस माणसं जमली होती. राजी सीटवर बसलेली, डावा पाय दुमडून. तसं बसायला तिला कुणी शिकवलेलं न्हाय. बब्रुवाननं साखळी घातली, हात वर केला. तिनं रेस दाबली तसा धुराड्यातनं काळा लोट आला आन पुढची चाकं जमीन सोडून वर आली. हातभर. लोकांनी शिट्ट्या मारल्या. ती हसत होती. चाकं खाली आपटली. ती म्हणाली, पुढचे ठोकळे अजून वाढवू, आन पुन्हा एकदा लावते.

मी जाऊन त्या साखळीवर बसले. ट्रॅक्टर आन ट्रॉली यांच्यामधी, ढेकळात. बब्रुवान ओरडला. राजीनं बंद केला आन उतरून आली. आजी ऊठ, काय करतीस, लोक बघतेत.

म्या म्हणलं, "साखळी म्या बांधली होती."

"कवाची साखळी?"

"तुझा आजा गेला तवाची. शरणबसप्पानं न्हाय. म्या."

विरेश डिझेलचा कॅन घेऊन उभा होता. त्यानं तो खाली ठेवला, झाकण लावलं आन घराकडं चालू लागला. पोरगी माझ्यासमोर ढेकळातच बसली. मग तिला सगळं सांगितलं. तुमाला त्यातलं निम्मं ठाऊक हाय, निम्मं न्हाय, म्हणून तुमालाबी लिहिते.

येळअमावशेचा दिवस, पूजा आन जेवणं सगळी रानातच. माझ्या माहेरची माणसं जेवायला जीपनं यायची होती. कडब्याची खोप घातली होती, आंबील थंड व्हायला ठेवली होती, भज्जी शिजत होती. तुमी पाणी आणायला हिरीवर गेला होता. जीप वड्यात रुतली. माझा भाऊ वरनं हाका मारत होता, माझ्या बहिणी त्यात बसलेल्या, मला कधी एकदा त्यांना खाली उतरवते असं झालेलं. यांनी ट्रॅक्टर लावला आन मला म्हणाले, शरणू न्हाय तर तू साखळी घाल, खालच्या हुकात. खालच्या हुकात म्हणाले, भावजी. म्या ऐकलं होतं.

पण त्या हुकाची म्या सकाळी पूजा केलेली. हळद-कुंकू लावलेलं, माळ घातलेली. आपल्या घरात रानात चरग्याचा निवद शिंपून होईपतोर पुजलेल्या वस्तूला हात लावत न्हाईत, सासूबाईंनी पहिल्याच वर्षी शिकवलेलं. त्यात चिखलानं भरलेली साखळी कशी घालू? वर नांगराचा दांडा बसतो ती खीळ मोकळी होती. म्या तिथं घातली. देवाचा मान राहिला असं वाटलं. एवढंच.

यांनी मागं न बघता विचारलं, "लावली का?"

म्या म्हणलं, "लावली."

पुढचं काय लिहू. बैल दोन पायावर उभा राहतो तसा ट्रॅक्टर राहिला आन मागं यांच्या अंगावर आला. एकदा घातलेली साखळी काढायला लई वेळ लागत न्हाय. पण काढायला तेवढाबी वेळ नव्हता.

तुमी घागर टाकून पळत आलात. मी ऊर बडवत होते. सासूबाई ओरडल्या, साखळी कुणी वर घातली? तुमी माझ्या हाताकडं बघितलंत. ग्रीसनं काळे झालेले, त्यावर हळद. विरेश माझ्या कडेला होता. तुमी म्हणालात, "म्या."

मला वाटलं होतं, दोन दिवसांनी मी सांगीन. पहिल्यांदा भीती होती, पोरासकट माहेरी धाडतील म्हणून. मग तुमचं ठरलेलं लग्न मोडलं. मग तुमी गाव सोडलंत. मग बोलायचं कसं हेच कळंना. सासूबाई गेल्या तवा सांगता आलं असतं. त्यांच्या मातीला तुमाला बोलावलं न्हाय आन मी गप्प बसले. पोटच्या लेकाला आईला माती देता आली न्हाय. आन एवढं करून मागच्या पत्रात मी तुमाला माफ करायला निघाले होते. ते लिहिताना एक अक्षर खोडलं न्हाय म्या. सवय फार वाईट असते.

राजीनं सगळं ऐकून घेतलं. उठली, गॅसचा कटर आणला, त्याच रानात हूक कापला आन खाली घेतला. तुमी सांगितलंत तसा. बब्रुवान कुरकुरला तर म्हणाली, "येरमाळ्याच्या आजोबांनी सांगितलंय." आजोबा म्हणाली तुमाला.

जत्रेत चौथी आली. चाकं घसरली, माती उडाली, पण पुढची दोन्ही चाकं शेवटपतोर भुईवर होती. मी दुसरं काही बघितलंच न्हाय, त्या दोन चाकांशिवाय. गदा वळसंगच्या कुणी नेली. लोकांनी मातर टाळ्या आमच्या पोरीला वाजवल्या, आन मी इतकी ओरडले की दोन दिवस घसा बसला. माझ्या जन्मात असा दिवस मला मिळावा असं म्या काही केलेलं न्हाय, तरी मिळाला.

ट्रॅक्टर आता अंगणात उभा असतो. चालू केला की मी अजून उठते. तांब्या भरत न्हाय. पण उठते.

विरेश त्या दिवसापासून माझ्याशी बोलला न्हाय. जेवतो, कामाला जातो, माझ्या गोळ्या आणून उशाशी ठेवतो, बोलत न्हाय. आज सकाळी एकोणीस दिवसांनी तोंड उघडलं. काकांचा पत्ता दे, म्हणाला. म्या म्हणलं, थांब, चार ओळी लिहिते. तो थांबलाय, गाडी चालूच ठेवून. हे पत्र तुमच्या हातात देणारा माणूस तो हाय. बापाच्या वयापेक्षा मोठा झालाय, तुमी ओळखणार न्हाय म्हणून सांगते. लई रागात वाढवलाय म्या त्याला तुमच्यावर. तुमच्यापुढं उभा राहून त्याला काही बोलता आलं न्हाय तर समजून घ्या आन पहिला शब्द तुमी बोला. मागं एकदा तुमीच बोलला होता, आता पुन्हा मागते हे कळतंय मला.

मला शिव्या द्यायच्या असल्या तर त्याच्यापुढं द्या. त्यानं ऐकाव्यात.

सही करताना वैनी लिहीत न्हाय. ते लिहायचं का न्हाय, तुमी ठरवा.

लक्ष्मम्मा