तू सांगितलेला सिनेमा

आई, या शुक्रवारी नगरला तीन नवे सिनेमे लागले. नगरला आता अहिल्यानगर म्हणायचं, पण कंडक्टर अजून नगरच ओरडतो. तीनपैकी एक दक्षिणेतला, हिंदीत डब केलेला. त्याचे दिवसभर खेळ. दुसरा हिंदी. तिसरा मराठी, त्याला सकाळचा एकच खेळ, लोक डबा घेऊन कामाला निघतात त्या वेळचा. पुरेशी माणसं आली नाहीत तर तोही रद्द होतो. केस पिकेपर्यंत मी दर आठवड्याला पेपरात हेच लिहीत आलो आहे: काय लागलं, कसं आहे, बघावं की नाही. संध्याकाळी पान लागायच्या आत मजकूर द्यायचा आणि खाली पाचपैकी किती त्या चांदण्या छापायच्या. हल्ली लोक चांदण्याच वाचतात. थेटरात सिनेमाचं नाव पडद्यावर आलं की मोबाईलवर त्याचा फोटो काढतात, स्टेटसला टाकतात आणि मग त्या फोटोवर कोण काय म्हणालं ते बघत बसतात. जुने सिनेमे पुन्हा लावायची पद्धत निघाली आहे, त्यांना मात्र गर्दी होते. पाठ असलेले संवाद लोक पडद्याच्या आधी म्हणतात. मी हे सगळं लिहितो. मला त्याचा राग येत नाही, कौतुकही वाटत नाही. बरीच वर्षं पडद्यावरचं काहीच आत उतरत नाही. मजकूर वेळेवर जातो, त्यामुळे कुणाला ते कळलेलं नाही.

तू सांगितलेला सिनेमा मात्र मला अजून पाठ आहे. ऊन तापायला लागतं तेव्हा तुम्ही ऊसतोडीवरून परत येता. मी पाथर्डीच्या वसतिगृहातून घरी आलेलो असतो. तू चुलीपुढे भाकरी थापतेस, उसाच्या पाचटानं कापलेली तुझी बोटं पिठात पांढरी होतात, आणि मी विचारतो, यंदा सिनेमा बघितला का. कारखाना काही बिघडून बंद पडला की तुम्हा बायांना सुट्टी मिळायची आणि तुम्ही तिथल्या तंबूतल्या सिनेमाला जायचात, हे मला ठाऊक होतं. तू म्हणायचीस, बघितला की. एक बाई असती, तिला लई मोठं घर मिळतं. घरात खोल्याच खोल्या. ती एका खोलीत जाऊन झोपती. उठली की दुसऱ्या खोलीत जाती आणि तिथं झोपती. मी विचारायचो, आणि गुंड? तू भाकरी उलटत शांतपणे सांगायचीस, "येत्यात की. पन ती झोपल्याली बघून माघारी जात्यात." पुढच्या वर्षी तोच सिनेमा, त्यात आणखी एक खोली. एकदा मी चिडून म्हणालो, हा कसला सिनेमा, यात काही होतच नाही. तू तव्यावरून नजर न काढता म्हणालीस की काही होत नाही म्हणूनच तर तो चांगला आहे.

पुढे पुण्यात शिकताना माझी खात्री झाली की हा कुणा मोठ्या दिग्दर्शकाचा सिनेमा असणार. गाणी नाहीत, मारामारी नाही, एक बाई आणि खोल्या. जुन्या सिनेमांची जाण असलेल्या एका गृहस्थांना मी जाऊन विचारलं. त्यांनी गंभीरपणे सगळी गोष्ट ऐकून घेतली आणि परदेशी असावा म्हणाले. कारखान्यावरच्या तंबूत परदेशी सिनेमा कोण आणणार, हे तेव्हा त्यांनाही सुचलं नाही आणि मलाही. त्याच्या शोधात मी इतके सिनेमे बघितले की तोच धंदा झाला. तू गेल्यावर विचारायलाही कुणी उरलं नाही. तरी दर शुक्रवारी दिवे मालवले की वाटायचं, हा असेल का. नवा सिनेमा तू तेव्हा बघितलेला कसा असेल, हे कळत होतं. पण खुर्चीत बसण्याजोगं माझ्याकडे तेवढंच एक कारण शिल्लक होतं.

या वेळी त्या तिघांतल्या हिंदी सिनेमाला मावशीला बरोबर नेलं. ऊसतोडीला तुझ्याबरोबर असायची ती तुझी धाकटी बहीण आता पार वाकली आहे. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे आली होती, आणि डॉक्टरांनी पट्टी काढल्यावर म्हणाली, आता काहीतरी दाव. हल्ली थेटरात मागं रेलणाऱ्या खुर्च्या आल्या आहेत. बटण दाबलं की पाय वर येतात आणि माणूस आडवा होतो. मावशी खुर्चीभोवती एक चक्कर मारून म्हणाली, ही खुर्ची हाय का बाज. बाकी थेटर जवळजवळ रिकामं होतं. आपल्यासाठीच लावलाय का, तिनं विचारलं. मी सांगितलं की माझं कामच हे, बघायचं आणि लिहायचं. यावर ती म्हणाली, "बसून? आन् पगार देत्यात?"

सिनेमा तिनं मन लावून बघितला. नायकाला सावध केलं, सासूला शिव्या दिल्या. मध्यंतरात दिवे लागल्यावर तिनं खुर्चीवरून हात फिरवला आणि म्हणाली की ही खुर्ची तुझ्या आईला मिळायला पाहिजे होती. मी विचारलं, का?

"झोपायची ना ती. परदा उजाडला का हिची मान पडली. तिकीट काढून झोपायला यायची तुजी आय."

मी म्हटलं, ती मला सिनेमा सांगायची. मी तिला घर सांगितलं, खोल्या सांगितल्या, माघारी जाणारे गुंड सांगितले. मावशीनं तोंडावर पदर घेतला. हसली की काय ते समजलं नाही. असला सिनेमा आमी कंदी बघितला न्हाई, ती म्हणाली. परतताना वाटेनं ती तुला सगळा सिनेमा सांगायची म्हणे, मारामाऱ्या, गाणी, कोण मेलं ते सुद्धा. तू व्हय व्हय म्हणत चालायचीस. म्हणजे तुला खरे सिनेमे ठाऊक होते. मला त्यातला एकही सांगितला नाहीस. मी विचारलं, झोपायचंच होतं तर तळावर आपल्या पाचटाच्या कोपीत का नाही झोपायची?

"कोपीत हाका मारत्यात," मावशी म्हणाली. "कुनी पानी मागतं, कुनाला भाकर पायजे. मुकादम येतो. तंबूत अंधारात कोन कुनाला हुडकतंय?"

मग दिवे गेले आणि ती पुन्हा सासूला शिव्या द्यायला लागली.

आयुष्यभर हुडकलेली गोष्ट नाहीच असं कळल्यावर काहीतरी व्हायला हवं होतं. मी वाट बघितली. काही झालं नाही. मावशीला घरी सोडलं, मजकूर लिहिला, उत्तरार्ध रेंगाळतो असं म्हटलं, दोन चांदण्या दिल्या. वेळेत दिला.

हे मी छापायला देणार नाही, आणि तुला तर कुठं पाठवणार. तरी एक सांगतो. काल दुपारी मी पुन्हा त्याच सिनेमाला एकटाच गेलो. खुर्ची पार मागं केली, मोबाईल बंद केला आणि नावं सुरू व्हायच्या आत डोळे मिटले. बराच वेळ पडून राहिलो. झोप आली नाही. शेवटी डोळे उघडून सिनेमा बघितला. मी लिहिला होता त्यापेक्षा तो बरा आहे.