आधी पट्टी, मग सूर

इंदापूर, ४ मे १९९९

चि. बुद्धघोष यास, शालनआत्याचा जयभीम आन् लई आशीर्वाद.

भिगवणच्या बुद्धजयंतीला माझी काय शोभा झाली, तू बघितलीसच. आपल्या गायन पार्टीतल्या रविंद्रचं गाणं काळी एकमधलं झालं, मग माझं. तुझ्या संगणकानं मला काळी चारचा सूर द्यायचा, तर दिला रविंद्रचाच! मी तितंच उचललं, आवाज घशात बसला, लोक फिदीफिदी हसले.

यंत्र बिघडलं म्हनू नको. हे बिरूदादांचं काम हाय. संगणक आल्यापास्नं त्यांच्या पेटीला कोन इचारत न्हाय. माझ्या गाण्याआधी टॉवेलानं संगणकाचा पडदा पुसत हुते. पुसत हुते, का काय करत हुते? मी चारचौघांत तोंडावर सांगितलं, पार्टीत पुन्यांदा पाय ठेवू नका. गप पेटी उचलून गेले. खोटं असतं तर भांडले नसते व्हय?

तू नीट तपास. माया असू दे, पन इस्वास कुनावर ठेवू नको.

तुझी आत्या,
शालन

बारामती, ९ मे १९९९

ती. आत्यास, सविनय जयभीम. वि. वि.

खोटं कशाला सांगू, टॉवेल मीही पाहिला होता, मलाही बिरूमामांचाच संशय आला. म्हणून इथल्या कॉम्प्युटर क्लासात संगणक लावून बसलो.

पडद्यावरचे चौकोन आणि तारा आठवतात? बटण दाबलं की दोन तारांतून निरोप जातो, एक ‘पट्टी’ला, एक ‘सूर’ला. पण एकदम नाही. उजवीकडचा चौकोन आधी चालतो, मग डावीकडचा. मी पट्टी मुद्दाम उजवीकडे ठेवली होती. आता ती डावीकडे आहे. म्हणून सूर जुन्याच पट्टीत वाजला आणि पट्टी मागाहून बदलली.

आत्या, ती तूच हलवलीस गं. तुझ्या घरी रियाजाला मी तुला माऊस धरायला शिकवलं, तेव्हा तू म्हणालीस, पट्टी आधी लागते तर आधी नको का, वाचतात तर डावीकडूनच, आणि सरकवलीस. मी मूर्खासारखा हसलो, तसंच ठेवलं आणि चहाला उठलो. त्या दिवशी फक्त तुझीच गाणी झाली, सगळी काळी चारमधली, आणि ती पट्टी आधीच लागलेली होती, म्हणून कळलं नाही. भिगवणला संगणक नव्यानं सुरू केला, तेव्हा तो नेहमीसारखा काळी एकवर उघडला, म्हणून रविंद्रचं बरोबर वाजलं.

आता मध्ये एक चौकोन घातलाय. आधी कोण, मग कोण, हे तोच ठरवतो. बाकीचे कुठंही सरकवा. बिरूमामांकडे आजच जा. ममता आहे, ती राहू द्यावी.

तुझा,
बुद्धघोष

इंदापूर, १३ मे १९९९

चि. बुद्धघोष यास, जयभीम.

पत्र दोनदा वाचलं. तरी बी आधी मनात आलं, बिरूदादांना वाचवाया तूच हे रचलं असशील. एवढी वंगाळ झालेय बघ मी.

मग गेले. ते पेटीचा भाता चिकटवत बसले हुते. मी समदं सांगितलं, उजवं-डावं, माझाच हात लागला ते बी. त्यांनी पानी दिलं. म्हनाले, आळ घेतलास त्याचं काय न्हाय, मानूस चुकतं. पन एवढी वर्सं शेजारी बसून, मला चोर ठरवाया तुला जरा तरी येळ लागला असता, तर बरं वाटलं असतं.

पार्टीत यायचे न्हाईत. मी लई रडले.

ह्या आत्यावर लोभ ठेव. ठेवलास का, हे मी इचारनार न्हाय, इस्वास ठेवीन.

शालन