सांडव्यातल्या फळ्या

४ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रविवारी चहा न घेता निघाले म्हणून वहिनीने राग धरला असेल, तर तो तिचा हक्क आहे. पण मी पाहुणी म्हणून आलेच नव्हते. बाबांच्या तळ्याचा बांध पाहायला आले होते. जे पाहिलं ते तुझ्याकडे होडीत फिरायला उतरलेल्या पाहुण्यांसमोर बोलले नाही, म्हणून इथे लिहिते.

बांधाच्या पायथ्याशी, माझ्या बाजूला, परातीएवढी जागा ओली आहे. मातीचा बांध थोडाफार पाझरतोच. पाणी नितळ असतं तर मी गप्प बसले असते. हे गढूळ आहे. पेल्यात धरून ठेवलं, तासाभराने तळाशी नखभर गाळ बसला. म्हणजे बांधाची आतली माती वाहून चालली आहे. वर जादा पाणी निघून जायला बाबांनी सांडवा ठेवला, तर तू त्याच्या तोंडाला फळ्या ठोकल्यास, होड्यांना खोली मिळावी म्हणून. आणि तळाची झडप शेवटची कधी फिरवलीस, आठवतं का?

खाली सात घरं आहेत आणि माझी रोपवाटिका. पाणीपुरवठा खात्यात तीस वर्षं घासली आहेत मी, हे मनाचे खेळ नाहीत. फळ्या काढ.

तुझी धाकटी, पण आता साठीची,
बबी


११ जून

चि. बबी,
अ. आ.

आशीर्वाद हाताच्या सवयीने लिहिले गेले, फार मनावर घेऊ नकोस.

तू पेला घेऊन बांधाखाली उकिडवी बसलीस, ते सगळ्यांनी पाहिलं. एका बाईंनी मला विचारलं की पाण्यात काही रोगबिग आहे का. दोन कुटुंबं सोमवारी सामान बांधून गेली. शाब्बास! बाबांनी तळं मला दिलं आणि खालची जमीन तुला, तेव्हापासून तुझ्या पोटात दुखतंय. तो बांध घालताना मी दहा वर्षांचा होतो, मातीच्या टोपल्या वाहिल्यात डोक्यावरून. तू झबल्यात होतीस. साठ वर्षं तो उभा आहे आणि तू मला पेल्यातला गाळ दाखवतेस! तुझ्या खात्याचे नळ कधी गळायचे थांबले होते का?

यापुढे बांधावर पाय ठेवायचा तर विचारून ठेवायचा.

भेटीची घाई नाही. लोभ आहे तेवढा पुरे.
दादा


१५ जून

ती. दादास,
नमस्कार. तोही कोरडाच.

धरण-सुरक्षा कार्यालयात काल लेखी तक्रार दिली. मागाहून कळून तू मला चोरटी म्हणू नयेस, म्हणून आधीच सांगते. मंगळवारी त्यांचा इंजिनिअर येईल. सातही घरांत जाऊन आले. सायकल दुरुस्तीवाला हसला, म्हणाला की बहीणभावाच्या भांडणात आपल्याला ओढू नका. त्याच्या म्हाताऱ्या आईने मात्र मी असतानाच ट्रंक माळ्यावर चढवायला लावली.

पोटात दुखतंय हे खरं आहे, दादा. पण तळ्यासाठी नाही.

बबी


२४ जून

बबीस,
मायना तुझा तूच घालून घे.

तुझा इंजिनिअर आला आणि माझ्या धंद्यावर नांगर फिरवून गेला. फळ्या काढा, झडप उघडा, पाणी दीड मीटर खाली आणा. झडप गंजून बसली आहे, चौघांनी पहार लावली तरी ढिम्म हलली नाही. फळ्या तेवढ्या त्याच्यादेखत काढल्या. आता होड्या काठच्या चिखलात पोट टेकून पडल्यात आणि जुलैतलं बुकिंग पार झोपलंय. झालं समाधान?

यापुढे उत्तराची वाट पाहू नकोस.

– दादा म्हणायचीस तो


१९ जुलै

चि. बबी,
अनेक आशीर्वाद.

उत्तर देणार नाही म्हणालो होतो, पण लिहितोय. बांध फुटून आज आठ दिवस झाले. तुझी रोपवाटिका धुऊन गेली, सातही घरं गेली, पण एकही माणूस गेला नाही. सायकलवाल्याच्या आईचा पाय मोडला तेवढाच. पाझर वाढलेला पाहून तू सकाळीच सगळ्यांना टेकाडावर नेलंस म्हणून हे झालं. एवढं कबूल करतो, आणि करताना दात-ओठ खातोय.

पुढचं फक्त तुला. इंजिनिअर गेला, तुला पत्र टाकलं, त्याच्या चौथ्या दिवशी मी फळ्या परत बसवल्या. एका कंपनीची सहल ठरली होती. मग तीन दिवस धो धो पाऊस. फळ्या काढायला गेलो तर फुगून घट्ट बसलेल्या, हातोडीनेही निघेनात. चौकशीत विचारलं की कुणी बसवल्या, तर माझ्या तोंडून तळ्यावरच्या आपल्या वॉचमनचं नाव निघालं. तो तिथेच उभा होता. त्याचं काही होणार नाही, फार तर दटावतील. पगार मी चालू ठेवीन.

हे वाचून फाडून टाक. बाबांच्या नावासाठी तरी.

तुझा
दादा


२३ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वॉचमनला परवा पोलिसांनी नेलं. त्याची बायको माझ्याकडे आली होती. रडली नाही, भांडलीही नाही. त्याच्या दम्याची औषधं आत घेऊ देतील का, एवढंच विचारत होती.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं असतं तर फाडलं असतं, म्हणून तशीच उठले आणि चौकशी अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवून आले. अक्षर ओळखता का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की याच हाताने माझा हात धरून पाटीवर ‘अ’ गिरवून घेतला होता.

उद्या सकाळी ते तुझ्याकडे येतील. दार वहिनीला उघडायला लावू नकोस.

तू लोभ ठेवावास असं म्हणायला आता मला तोंड नाही. माझा आहे.

बबी