पान्याला जागा

कांदिवली, १२ जून १९८८

तीर्थरूप बाबांच्या पायांवर डोकं ठेवतो.

मी बरा आहे. कंपनीत आता ड्रॉइंग कॉम्प्युटरच काढतो. माझा ड्रॉइंगचा बोर्ड जिन्याखाली टाकलाय.

परवा त्याने पंपाचं ड्रॉइंग काढलं, रेघ न् रेघ अचूक. मी म्हटलं, "साहेब, बोल्ट बसेल, पण पाना फिरवायला जागा कुठाय?" तुम्हीच शिकवलंत ना, आधी हात कुठे जाईल ते बघ.

साहेब खूश. म्हणाले, "सहदेव, तुला असं जे जे ठाऊक आहे ते वहीत लिहून दे. कॉम्प्युटरवाल्यांना लागेल."

वही भरत आलीय. ती भरली की मला कोण विचारतो?

आईचा गुडघा कसा आहे? तिला सांगा, साहेबांनी शाबासकी दिली.

तुम्ही सुतारकामाची हत्यारं विकायला काढलीत म्हणे. विकू नका. मला लागतील.

तुमचा,
सहदेव